२८० रुपयांचं गजराचं घड्याळ, सहा महिने वापरल्यावर

मी बारावी सायन्सला. सकाळी साडेसहाचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी परत फिजिक्स. प्रार्थनेला पहाटेचीच वेळ उरते, म्हणून फोनवर पाचचा गजर लावायचे. बायबलही फोनमध्येच. गजर बंद करायला फोन हातात घेतला की क्लासच्या ग्रुपवर रात्रीतून आलेले साठ मेसेज. स्तोत्र उघडेपर्यंत साडेपाच.

शेवटी नवी पेठेतून हे घड्याळ आणलं. पांढरं, मुठीएवढं, एका पेन्सिल सेलवर चालणारं. दुकानदार ३२० म्हणत होता, पप्पांनी २८० वर आणलं. आज्जीचं सुरू झालंच, "मोबाईल असताना हे कशाला गं?" मोबाईल आता रात्री दहाला स्वयंपाकघरात, भाकरीच्या डब्याशेजारी चार्जिंगला. सकाळी क्लासला निघतानाच हातात घेते.

टिकटिक मोठी आहे. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात, त्यामुळे एरवी कळत नाही. सुट्टीला माग बंद असले की मात्र डोक्यात हातोडी पडल्यासारखं वाटतं. मग घड्याळ टॉवेलात गुंडाळायचं. काट्यांना लावलेलं रेडियम दिवा मालवल्यावर थोडा वेळच चमकतं, पहाटे काही दिसत नाही. गजराचा काटा पाचवर ठेवला तरी कधी पाचला दहा कमी असताना वाजतो, कधी पाच मिनिटं उशिरा. माझं त्यात काही बिघडत नाही, पण ज्यांची गाडी पकडायची असेल त्यांनी विचार करावा.

आणि मुख्य म्हणजे मागचं बटण खाली केलं नाही तर हे घड्याळ संध्याकाळी पाचलाही वाजतं, त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. एका गुरुवारी आमच्याकडे बायकांची प्रार्थना सभा होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, एक काकू आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतायत, आणि आतून टर्रर्र! मम्मीने एक डोळा उघडून माझ्याकडे जे बघितलं, ते बघायला नको होतं.

बाकी काम चोख. मत्तय ६:६ मध्ये येशू सांगतो, खोलीत जा, दार लावून घे. आमच्याकडे खोल्या दोन आणि माणसं पाच. त्यामुळे माझी खोली म्हणजे डोक्यावरून घेतलेली सोलापुरी चादर, आत टॉर्च आणि आज्जीचं जुनं छापील बायबल. रोज एक स्तोत्र, मग वहीत लिहिलेली नावं, मग थोडा वेळ नुसतं गप्प. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, दोनदा तर गुडघ्यांवरच झोप लागली. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, पण त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, म्हणून रोज एकच भाग घेतला. घटक चाचणीच्या आठवड्यात चार दिवस उठलेच नाही. त्यात घड्याळाचा दोष नाही, ते बिचारं वाजून वाजून थकलं.

सहा महिन्यांत सेल एकदा बदलला. घेणार असाल तर गजराचं बटण वर असलेलं बघा, माझं मागे आहे, अंधारात चाचपडावं लागतं. पाचपैकी चार. एक स्टार त्या गुरुवारचा कापला.