रोज तीन वस्तू घराबाहेर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये आमच्या न्हाणीघरावरच्या माळ्यामागे पाण्याची पाइप गळायला लागली. प्लंबरने शिडी लावली, माळ्याचं दार उघडून आत बॅटरी मारली आणि तसाच खाली उतरला. म्हणाला, "काकू, आधी हे रिकामं करा, मग बोलवा मला." रिकामं करायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात खालच्या घराच्या भिंतीला ओल आली. त्यांच्या दारात उभं राहून माफी मागताना फार लागलं मनाला.

पुण्यात कर्वेनगरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. सव्वीस वर्षांचा संसार. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, लेक नोकरीसाठी बंगळुरूला. त्या माळ्यावरून काय काय खाली आलं! तांब्याचा बंब, चाकं तुटलेल्या तीन सुटकेस, लेकीच्या पाळण्याच्या दांड्या, बिघडलेल्या मिक्सरचा खोका आणि त्या खोक्यात त्याच्याही आधीच्या मिक्सरची भांडी, शिवाय २०१८ च्या बंदीआधी आणलेलं थर्माकोलचं मखर. पाइप दुरुस्त झाली, पण ते सामान परत वर चढवायला मन होईना.

१ जुलैपासून मी रोज तीन वस्तू काढायला लागले. फेब्रुवारी संपला तेव्हा २४३ दिवस झाले होते. त्यातले चाळीसेक दिवस बुडाले, कारण गणपती, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि लेकीकडचा मुक्काम. वहीत ६४८ नोंदी आहेत. सर्वांत जास्त स्वयंपाकघरातल्या, १९०. त्याखालोखाल कपडे, १७०.

तीनच का, तर आधी एकदा हात पोळले होते. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असा महिनाभर चढता आकडा, म्हणजे तीस दिवसांत ४६५ वस्तू, असा एक प्रकार आहे. तो मी काही वर्षांपूर्वी उत्साहाने सुरू केला आणि तेराव्या दिवशी सोडला. तोवर ९१ वस्तू निघाल्या होत्या, पण त्या सगळ्या गॅलरीत, पिशव्यांमध्ये. कुठे द्यायच्या ते ठरवलंच नव्हतं. दोन महिन्यांनी पावसाच्या भीतीने त्याच पिशव्या पलंगाखाली गेल्या.

म्हणून या वेळी नियम एवढाच केला की वस्तू कपाटातून निघाली म्हणून मोजायची नाही, उंबरठ्याबाहेर गेली की मोजायची. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण हा नियम पाळा असं मी मनापासून सांगेन. कारण टाकायचं काय हे पंधरा दिवसांत हाताला कळायला लागतं, कुणाला द्यायचं हे मात्र प्रत्येक वस्तूसाठी नव्याने शोधावं लागतं. सकाळचा चहा झाला की पंधरा मिनिटं एकच खण, एकच फळी बघायची. दाराशी एक कापडी पिशवी टांगलेली, ती भरली की दुसऱ्या दिवशी गेलीच पाहिजे.

रोज थोडं काढण्याचा खरा फायदा मला आमच्या कचरा नेणाऱ्या ताईंनी सांगितला. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. त्यांच्या सभासद दारोदार कचरा घेतात आणि सुक्या कचऱ्यातलं विकण्यासारखं विकून येणारे पैसे त्यांचेच असतात. एकदा मी सहा डबे, दोन तवे आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा असं पुढे केलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, हे असं रोज दिलंत ना, तर मला वेगळं करता येतं. दिवाळीच्या आधी सगळे एकदम काढतात. ढकलगाडी तीन फेऱ्यांत भरते, मग वेगळं करायला टायम कुठला? चांगलं पण घाणीत जातं." एवढी वर्षं दसऱ्यानंतर आठ दिवसांत घर घासूनपुसून काढण्याचा मला अभिमान होता. तिकडे गाडी ढकलणाऱ्या बाईच्या खांद्यावर काय येतं याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या दिवसापासून डबे धुऊन, कोरडे करून द्यायला लागले. आता आमच्या मजल्यावरच्या आणखी दोन घरांतून तसंच जातं.

कपड्यांचं बरंचसं सासूबाईंमुळे मार्गी लागलं. त्यांच्या जुन्या सुती नऊवारी मऊसूत झाल्या होत्या. त्यातल्या चांगल्या सहा निवडून दोन गोधड्या शिवून घेतल्या, एक लेकीला पाठवली. उरलेलं सुती कापड गूंजच्या संकलनात दिलं. अंशू गुप्ता यांच्या या संस्थेत सुती कापड स्वच्छ करून त्याचे मासिक पाळीसाठीचे पॅड केले जातात, त्यामुळे जुनं सुती कापड तिथे खरंच कामाला येतं. पण धुतलेलं द्या. फाटकी, डागाळलेली वस्त्रं 'गरिबांना चालतील' म्हणून बांधून देऊ नयेत, ती पायपुसण्यालाच ठेवावीत. खऱ्या जरीच्या दोन साड्या घडीवर चिरल्या होत्या. त्या घेऊ का म्हणून विचारणारे दारावर येतात, जरीतली चांदी काढून घेतात. मी काठ कापून ठेवले आणि मधलं रेशीम लेकीच्या मैत्रिणीला पिशव्या शिवायला दिलं.

आणि ब्लाऊजपीस! ज्या घरात हळदीकुंकू, ओटी, बारसं, मुंज होते त्या घरातली ही सुटकेस सगळ्यांना माहीत असेल. आमच्याकडे ४३ निघाले. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, सासूबाईंच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. कुणाकडून आला ते लिहून ठेवायचं, म्हणजे चुकून त्यांचाच त्यांना परत जात नाही. एका हिरव्या खणावर होतं, 'शेजारच्या वहिनी, बारसं, १९९९'. टाचणीला गंज चढून कापडावर तांबूस ठिपका पडला होता. मी तो बाजूला ठेवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दे इकडे." मग त्यांनी एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. कोण कुठे राहायचं, कुणाच्या घरी पाटवड्या चांगल्या व्हायच्या, कोण गेलं. त्या दिवशी एकही वस्तू बाहेर गेली नाही आणि मी वहीत शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ३६ खण बाजूला काढले आणि म्हणाल्या, "हे शिवणाच्या वर्गातल्या मुलींना दे, हात बसायला लागतात त्यांना." चिठ्ठ्या मात्र काढून एका पाकिटात ठेवल्या.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते, कारण ते लिहिल्याशिवाय हा अनुभव खरा होणार नाही. ऑगस्टच्या शेवटी यांच्या टेबलाच्या खालच्या खणातून चामड्याच्या म्यानातली एक मोडकी पट्टी निघाली. काच तडकलेली, आकडे पुसट. त्या दिवशी दोनच वस्तू झाल्या होत्या, मी तिसरी म्हणून ती भंगारात घातली. ती सासऱ्यांची स्लाइड रूल होती. सार्वजनिक बांधकाम खात्यात ते आरेखक होते, कॅल्क्युलेटर हातात येण्याआधी सगळे हिशेब त्यावर करायचे. चार दिवसांनी यांनी खण उघडला. मी भंगारवाल्याकडे धावत गेले, पण त्याचा माल आदल्या दिवशीच टेम्पोतून गेला होता. हे रागावले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतंस." ती वस्तू आता कधीच मिळणार नाही आणि ती माझ्या हातून गेली, हे मला आजही बोचतं. त्यानंतर आकडा पुरा करायचा हट्ट सोडला आणि दुसऱ्याच्या खणाला हात लावणं बंद केलं. ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. हे स्वतःहून आठवड्याला दोन-चार वस्तू दाराशी आणून ठेवतात, तेवढं पुरे आहे.

स्वयंपाकघरात फारसं दुखलं नाही. झाकण नसलेले डबे, डबा नसलेली झाकणं, हॉटेलच्या पार्सलचे प्लास्टिकचे चौकोनी डबे, दांडा ढिला झालेले झारे. बंब मात्र मोडीत घालायला जीव होईना. तांब्याला भाव बरा मिळत होता, पण नणंद म्हणाली, "वहिनी, विकू नकोस, मला दे." तिचं सासर देवरुखजवळ, घरामागे माड आहेत आणि अजून नारळाच्या सोडणांवर पाणी तापतं. तळाला एक झाळ मारून घेतला, चिंचेने घासला आणि दिवाळीत अभ्यंगस्नानाचं पाणी त्यातच तापलं. तिने फोटो पाठवला तेव्हा बंबाला झेंडूची माळ होती.

सर्वांत जिकिरीचं काम विजेच्या वस्तूंचं. चौदा चार्जर, तीन मोबाइल, फुगलेल्या बॅटरीचा एक टॅब, रेडिओ, केबलींचा गुंता. हे सुक्या कचऱ्यात घालू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. तो हातोडीने फोडून तांबं काढतो आणि बाकीचं नाल्यात जातं. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा भोसकली गेली तर पेट घेते. ती कचऱ्याच्या गाडीत गेली तर धोका गाडीवरच्या माणसाला. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, १०६ प्रकारच्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी वस्तू घेताना दुकानात जुनी परत घेता का हे विचारावं आणि नाहीतर अधिकृत पुनर्वापर केंद्राच्या संकलनाची तारीख बघून ठेवावी. आमच्या सोसायटीत आम्ही वर्षातून दोनदा असं संकलन सुरू केलं, त्यासाठी एक कोपरा आणि एक लाकडी खोका लागला. मोबाइल देण्याआधी त्यातली माहिती पुसा. सीएफएल दिवे आणि काचेचा थर्मामीटर यांत पारा असतो. ते फुटू न देता पुठ्ठ्यात गुंडाळून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळेच द्या. थर्माकोलच्या मखराला आजही कुणी धड घेणारा सापडला नाही. ते वाहून नेणाऱ्यालाही काही मिळत नाही, हे आणताना ठाऊक असतं तर आणलंच नसतं.

पुस्तकं, अंकांबद्दल माझी अपेक्षा फोल ठरली. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली हौस. माझ्याकडे १९९४ पासूनचे अंक होते. वाटलं होतं, ग्रंथालय आनंदाने घेईल. दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडे जागा नाही म्हणाले, आणि त्यांची अडचण मला पटली. अकरा अंक ठेवले, वीसेक एका वृद्धाश्रमात दिले, तिथे मोठ्या टायपातलेच वाचले जातात हे तेव्हा कळलं. उरलेले कसर लागलेले होते, ते रद्दीत गेले. रद्दीवाला तागडीत टाकत असताना मी आत निघून गेले.

ही पद्धत जिथे पुरी पडत नाही ते म्हणजे घरात नव्याने येणारं सामान. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सात घरी गेले आणि एकोणीस वस्तू घेऊन आले. प्लास्टिकच्या टोपल्या, चाळण्या, कुंकवाचे करंडे. म्हणजे जवळजवळ एका आठवड्याची मेहनत परत दारात. देणारीचं मन मोडवत नाही आणि मोडू पण नये. मी माझ्यापुरता बदल केला, माझ्याकडच्या हळदीकुंकवाला सांगलीच्या हळदीची दळलेली पुडी वाण म्हणून लुटली. तीन मैत्रिणींनी पुढच्या वर्षी आपणही तसंच करू असं स्वतःहून म्हटलं.

कुणाला जमेल? ज्यांना घर बदलायचंय, महिन्यात रिकामं करायचंय, त्यांना रोज तीन पुरणार नाही. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांनी तर वर्षभर हात लावू नये असं माझं मत आहे. पण वयस्कर माणसं असलेल्या, भरल्या घरात, रोजच्या स्वयंपाकासारखं सावकाश करायला हे फार चांगलं आहे. माळ्यावर आता चार गाद्या, एक शिडी आणि गणपतीचं लाकडी चौरंगाचं मखर एवढंच आहे. हात घातला तर मागची भिंत लागते.

मार्चपासून मी रोज एकावर आलेय. सासूबाईंच्या खोलीत पलंगाखाली हिरवी पत्र्याची ट्रंक आहे. परवा मी तिथला केर काढताना त्या म्हणाल्या, "ती माझ्यामागे उघड. तोवर असू दे." मी हो म्हटलं, ट्रंक उचलून खालची धूळ पुसली आणि परत जागच्या जागी सरकवली.