इन्व्हर्टेड फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप: १७ वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

नवीन लॅब लावणारे आधी पीसीआर मशीन कुठलं घेऊ ते विचारतात. जनावरांचे व्हायरस कल्चर करायचे (म्हणजे जिवंत सेल्समध्ये वाढवायचे) असतील तर मी म्हणते आधी चांगला इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप घ्या. १७ वर्षं हेच काम करतेय, लाळ-खुरकूत, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), मधली काही वर्षं बीव्हीडी (गुरांचा व्हायरल डायरिया), आणि रोज सकाळचं पहिलं काम बदललेलं नाही, इनक्युबेटरमधून फ्लास्क काढायचा आणि स्टेजवर ठेवायचा.

सेल्स फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात आणि वर मीडियम (सेल्सचं द्रव खाद्य) असतं, साध्या मायक्रोस्कोपची लेन्स वरून तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणून यात लेन्स खाली आणि लाइट वर. जिवंत सेल्सना स्टेन (रंग) दिलेला नसतो, काचेसारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक गोष्टी गडद-फिकट दाखवणारी सोय) पाहिजेच (याच शोधासाठी झर्निकेंना १९५३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं). फेज नसलेलं मॉडेल घेऊ नका, सेलची कडच नीट दिसत नाही. रोजचं ९० टक्के काम १०एक्स (दहापट) लेन्सवर होतं.

लाळ-खुरकूतचं सॅम्पल बीएचके-२१ (हॅमस्टरच्या किडनीच्या) सेल्सवर टाकलं की काल फरशी बसवल्यासारखी सलग दिसणारी लेयर आज फाटलेली असते, सेल्स गोल होऊन चमकतायत, काही सुटून तरंगतायत. ४८ तासांत काही नाही दिसलं तर फ्रीझ-थॉ करून (गोठवून परत वितळवून) नव्या सेल्सवर टाकायचं आणि परत ४८ तास बघायचं. पीपीआर मात्र वाट बघायला लावतो, वेरो (माकडाच्या किडनीच्या) सेल्सवर दोन-तीन ब्लाइंड पॅसेज (काही दिसलं नाही तरी परत नव्या सेल्सवर टाकणं) जातात आणि मग एखाद्या सकाळी शेजारशेजारच्या सेल्स एकमेकींत मिसळून एक मोठा गोळा झालेला दिसतो, आत न्यूक्लियसचा घोळका. सिन्सिशियम. मला पहिला दिसला तेव्हा मी फोकस मागेपुढे करत बसूनच राहिले, फ्लास्क गार पडतोय हे लक्षातच नाही आलं. व्हेटर्नरी शास्त्रज्ञ प्लाउराइटांनी केनियात मुगुगाला बुळकांडीचा व्हायरस वासराच्या किडनीच्या सेल्सवर ९० च्या आसपास पॅसेज करून लस बनवली, २०११ मध्ये तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि त्या कामाचा पायाही सेल कल्चरच होता.

आता जिथे हा मायक्रोस्कोप कमी पडतो ते. बीव्हीडीचे बरेच स्ट्रेन सेल्सना काहीच करत नाहीत, लेयर सुंदर दिसते आणि व्हायरस आत भरलेला असतो. आमच्या सेल्समध्ये तो फीटल बोवाइन सीरममधून (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम, ते मीडियममध्ये घालतात) आला होता आणि मी चार महिने रोज बघून "सेल्स हेल्दी" असं रजिस्टरमध्ये लिहीत होते, शेवटी पीसीआरने सापडला, सगळा स्टॉक ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाखाली) नष्ट करावा लागला, फार वाईट वाटलं. त्यामुळे सेल्स आणि सीरम टेस्ट करूनच वापरा, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. रेबीजलाही तेच, तिथे फ्लुरोसन्स (चमकणारा डाय लावून बघणं) लागतो.

आमच्याकडे जुना हॅलोजनचा आणि नवीन एलईडीचा असे दोन आहेत. एलईडीच घ्या, हॅलोजन तापतो आणि बल्ब नेमका पॅसेजच्या दिवशी जातो. पण नव्याचा कोर्स फोकसचा (मोठ्या फोकसचा) नॉब दोन वर्षांत ढिला झाला, फोकस करून हात काढला की इमेज हळूहळू सरकते. कंपनीला कळवलं तर म्हणाले मशीन आमच्याकडे पाठवा. अहो, लाळ-खुरकूतचं मशीन कंटेनमेंटच्या (व्हायरस बाहेर जाऊ नये म्हणून बंदिस्त केलेल्या भागाच्या) आत असतं, पूर्ण डिकंटॅमिनेट केल्याशिवाय ते दाराबाहेर येत नाही, आणि इंजिनिअर आत आला तर शॉवर घेऊन बाहेर पडायचं आणि पुढचे काही दिवस गाई-म्हशी-शेळ्यांच्या जवळ जायचं नाही. हे ऐकून दोघांनी नकार दिला. तिसरा आला तोपर्यंत सात आठवडे गेले, त्याने वीस मिनिटांत टेन्शन रिंग घट्ट केली आणि मला पण शिकवलं, तेव्हापासून मीच करते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या, इंजिनिअर कंटेनमेंटमध्ये येणार का आणि टेन्शन ॲडजस्ट करायची चावी सोबत मिळणार का. आणि ट्रायनॉक्युलरच (दोन डोळ्यांशिवाय कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला) घ्या, कॅमेरा नंतर लावता येतो, नवीन पोरांना सिन्सिशियम स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता येतो.

५ पैकी ४, एक सर्व्हिससाठी कापला.