बाबांची उचलखुर्ची : दिवाळी ते पोळा, दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू पुरती सावरली नाही. त्यांचे वजन ७४ किलो. आईचे ४९ आणि तिचे वय ७१. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर न्यायचे म्हणजे आई समोरून त्यांच्या काखेत हात घालत असे, मी मागून कमरेला धरून तोल सावरत असे, आणि मी कार्यालयात असलो की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. या अडचणीवर बाबांनी स्वतःच एक तोडगा काढला होता आणि तो आमच्या फार उशिरा लक्षात आला: कोणाला उठवायला लावू नये म्हणून ते दुपारभर पाणीच पीत नसत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, याचा जो परिणाम व्हायचा तोच झाला. मूत्रमार्गाच्या संसर्गाने पाच दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले, तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्पष्टच सांगितले, की औषधे लिहून मिळतील, पण यांना उचलण्याची सोय तुम्हालाच करावी लागेल.

भाच्याने तेव्हा उत्साहाने जपानच्या रिकेन संस्थेच्या रोबेअर या यंत्रमानवाची चित्रफीत दाखवली होती. २०१५ मध्ये जगापुढे आलेला हा अस्वलाच्या चेहऱ्याचा यंत्रमानव माणसाला दोन्ही हातांवर अलगद उचलतो. मात्र त्याचे स्वतःचेच वजन १४० किलो होते आणि तो प्रयोगशाळेपलीकडे आला नाही. बाबांनी ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, "काहून रे, मी काय धानाचं पोतं आहो, क्रेननं उचलाले?" पुढचे दोन महिने घरात हा विषय निघाला नाही.

अखेर दिवाळीनंतर आम्ही घेतले ते यंत्र, म्हणजे ही उचलखुर्ची, दिसायला अगदीच साधे आहे. चार चाकांची पोलादी चौकट, तिच्यावर मधोमध दुभागलेली बैठक, आणि ती वर-खाली करणारी विजेरीवरची मोटार. बैठकीचे दोन भाग दाराच्या झडपांसारखे मागून उघडतात. बाबांना पलंगाच्या कडेला बसवायचे, यंत्र समोरून आणून त्याचे पाय पलंगाखाली सारायचे, त्यांना किंचित उजवीकडे कलवून डावी झडप मांडीखाली घालायची, मग डावीकडे कलवून उजवी, मागचा खटका लावायचा, पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचे. बैठक वर येते तसे बाबा पलंगावरून सुटतात. याच खुर्चीवर त्यांना थेट कमोडवर नेता येते, कारण बैठकीला मध्ये मोकळी जागा आहे. सुरुवातीला या सगळ्याला पंधरा मिनिटे लागत. आता आई एकटी चार-पाच मिनिटांत करते. ती चष्म्याशिवाय बटणांवरचे बाण ओळखू शकत नाही, म्हणून तिने 'वर'च्या बटणाला लाल टिकली चिकटवली आहे. ती दर पंधरवड्याला बदलावी लागते.

खरी मेहनत यंत्राने नव्हे, घराने घेतली. धंतोलीतील दुकानात गुळगुळीत फरशीवर जे सुरेख फिरत होते, ते महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात पहिल्याच दिवशी अडले, कारण आमचा पलंग पेटीचा, खाली गाद्या-रजया भरलेला, जमिनीला टेकलेला. यंत्राच्या पायांना खाली १२ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होती आणि विक्रेत्याने तोंडाने एकदाही सांगितली नाही. सुताराने पेटी काढून पलंगाला पाय लावले, आणि तीस वर्षांच्या रजया माळ्यावर गेल्या. दुसरा अडथळा न्हाणीचा. तिचा तळ खोलीपेक्षा पाच सेंटीमीटर खोल आहे आणि दारात उंबरठा. पुढची लहान चाके तिथे रुतून बसत आणि बाबा पुढे झुकत. उताराचा साधा नियम असा, की जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी, म्हणजे पाच सेंटीमीटरला साठ. गवंड्याने पंचवीसमध्ये काम उरकू पाहिले होते. मी फूटपट्टी घेऊन उभा राहिलो म्हणून साठ झाले. उंबरठा काढायला आई तयार नव्हती. शेवटी तो राहिला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उतार आले.

या दहा महिन्यांत सर्वांत मोठा फरक पडला तो बाबांच्या पाण्याच्या तांब्यात. यंदाच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्यांनी दुपारी दोनदा पाणी मागून घेतले, आणि दोनदा आईला हाक मारली. पूर्वी ते मी घरी येण्याची वाट पाहत बसत. तिला उचलावे लागत नाही हे त्यांना पटायला मात्र तीन आठवडे गेले. तोवर ते वर जाताना उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून ठेवत आणि मोटार उगीच कण्हत असे.

आईच्या पाठीबद्दलही लिहिले पाहिजे. माणसाने माणसाला हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो, इतकी सांगितली होती. जपानच्या आरोग्य आणि श्रम मंत्रालयाने २०१३ मध्ये कंबरदुखीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सुधारताना शुश्रूषेच्या कामात माणसाला केवळ अंगबळाने उचलणे तत्त्वतः टाळावे असेच म्हटले. आमच्याकडे ४९ किलोची बाई ७४ किलोचा भार दिवसातून सहा वेळा पेलत होती, आणि आम्ही सगळे त्याला सेवा म्हणत होतो. आईचे वेदनाशामक मलम डिसेंबरपासून नव्याने आणावे लागलेले नाही.

आता तक्रारी. बैठकीच्या दोन भागांच्या सांध्यात मांडीची कातडी चिमटते. पहिल्या आठवड्यात काळेनिळे वळ उठले होते. आम्ही आता जुन्या धोतराची चौपदरी घडी टाकतो, तिने उन्हाळ्यात रेक्झिन घामाने चिकटण्याचा त्रासही थांबला. मागच्या खटक्याचा आवाज ऐकू आल्याशिवाय बटण दाबायचे नाही, हे बारा तासांच्या मावशींना दोनदा शिकवावे लागले, कारण एकदा खटका अर्धाच बसला होता आणि पट्ट्यामुळे अनर्थ टळला. कूलरचे पाणी फरशीवर झिरपले असेल तर चाके घसरतात; बाबांना उंच उचललेल्या स्थितीत उतारावरून नेणे तर चुकूनही करू नये. तिसऱ्या महिन्यात बटणांच्या वायरचा जोड निखळला, तेव्हा विक्रेत्याने नवी वायर पाठवायला १९ दिवस लावले आणि त्या १९ दिवसांत शेजारचा मुलगा पुन्हा कामाला लागला. हमीपत्रात 'घरपोच सेवा' असे छापलेले होते. वीज गेली तरी अडचण येत नाही, विजेरी एकदा भरली की आमच्या वापराला पाच दिवस पुरते.

किंमत ४६,००० रुपये, त्यावर सुतार आणि गवंडी मिळून आणखी ११,०००. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात, उचलणारे यंत्र त्यात नाही; राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे ३,००० रुपये पात्र कुटुंबाला फार तर विजेरीच्या कामी येतील. आमच्या घरी पैसा निघू शकला, तो सगळीकडे निघेल असे नाही. ज्यांना कमरेवर धड बसताही येत नाही, त्यांच्यासाठी ही खुर्ची घेऊ नये. त्यांना झोळीत उचलणारे यंत्र लागते, आणि तेही फिजिओथेरपिस्टला घरी आणून, खोली दाखवून मगच ठरवावे.

घराबाहेर हे यंत्र निरुपयोगी आहे. परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी, बाबांना ओट्यावर बसायचे होते; गल्लीतल्या फरशीच्या फटींत चाके अडकली असती, म्हणून आईने त्यांना खुर्चीने दारापर्यंत आणले, तिथे साध्या चाकांच्या खुर्चीवर उतरवले आणि पुढे मी नेले. ते पाहून समोरच्या काकूंनी काकांसाठी असेच यंत्र मागवायचे ठरवले. मी त्यांना दुकानाचा पत्ता देण्याआधी फूटपट्टी दिली. त्यांच्या पलंगाखाली नऊ सेंटीमीटर निघाले, सुतार सोमवारी येतो आहे.