'एमआर' लिहिलेली कंबरदुखीची गोळी: झोपेची गोळी चालू असेल तर घेऊ नये

ॲसेक्लोफेनॅक १०० मिग्रॅ, पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि टिझानिडीन २ मिग्रॅ. कंबरेत उसण भरली की हमखास मिळणारी ही तिहेरी गोळी. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना आराम पडतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार नावाबद्दल आहे. नावामागचं 'एमआर' म्हणजे मसल रिलॅक्संट, स्नायू सैल करणारं औषध (इथे टिझानिडीन), पण मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडमागे हेच 'एमआर' हळूहळू विरघळणाऱ्या गोळीसाठी लागतं. घरात तिला सगळे 'दुखण्याची गोळी'च म्हणतात. त्यात चारच गोळ्या मागितल्या तर केमिस्ट पट्टी कात्रीने कापतो आणि घटकांची नावं दुकानातच राहतात!

टिझानिडीन स्नायूवर थेट काम करत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणारे संदेश मंदावते. म्हणून गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, रक्तदाब उतरतो. तिचा जोर एक ते दीड तासात शिगेला पोचतो, झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचाही साधारण तेवढ्याच वेळात. चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, रात्री एक) असेल, तर जेवणानंतर साडेनऊला ही आणि दहाला झोपेची. साडेअकराला लघवीला उठलं की एकीने बीपी उतरवलेलं, दुसरीने तोल घालवलेला. मोरीच्या उंबऱ्याशी पडून खुब्याचं हाड मोडतं ते असं. बीपीची औषधं किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर आणखी जपायला हवं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांना धोका श्वासाचाच. वर दारू असेल तर विचारूच नका.

झोल्पिडेम, अल्प्राझोलम या झोपेच्या गोळ्या एच-वन यादीतल्या, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांतल्या. केमिस्टला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. 'एमआर' गोळीलाही चिठ्ठी लागतेच, पण काउंटरवर तिच्याकडे कुणी तसं बघत नाही. शिवाय झोपेची गोळी फिजिशियनची आणि ही हाडांच्या डॉक्टरांची, मग दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणार कोण?

आणखी एक जोडी घरोघरी होते. जुलाब लागले म्हणून उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक घेतली, की यकृतात टिझानिडीन मोडायचं काम अडतं आणि रक्तातलं तिचं प्रमाण दहापटीच्या आसपास जातं. ही दोन्ही एकत्र घ्यायचीच नाहीत.

तिहेरी गोळीची खरी अडचण म्हणजे टिझानिडीन तेवढी वगळता येत नाही. झोपेचं औषध चालू आहे हे डॉक्टरांना सांगून रात्रीपुरती साधी वेदनाशामक गोळी मागावी. टिझानिडीनऐवजी क्लोरझोक्साझोन हे दुसरं स्नायू सैल करणारं औषध असलेली 'एमआर' बदलून आणण्यात अर्थ नाही, गुंगी तिलाही आहे. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये. महिनोन्‌महिने क्लोनाझेपाम घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात.

चुकून दोन्ही घेतल्या गेल्या तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा. त्या रात्री कुणीतरी जवळ झोपावं, उठताना दोन मिनिटं कॉटच्या कडेला बसावं, सकाळी गाडी चालवू नये. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरणारा असेल, ओठ निळे पडले असतील तर एका कुशीवर वळवून १०८ लावा. तोंडात कॉफी-लिंबूपाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. निघताना दोन्ही पट्ट्या बरोबर घ्या: झोल्पिडेमवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, तोही डॉक्टर जपूनच देतात, टिझानिडीनवर तसा उतारा नाही.

पाचपैकी गुण: झोपेची गोळी न घेणाऱ्याला, चार-पाच दिवसांपुरती, साडेतीन. घेणाऱ्याला शून्य.