दहा महिने स्पंज फिल्टर वापरल्यावर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना दोन फुटी फिश टँक सापडला. फेकायचा की वापरायचा यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि वापरायचा ठरला. वाळू-दगड धरून त्यात जेमतेम 55 लिटर पाणी मावतं. फिल्टर म्हणून दुकानातला सगळ्यात स्वस्त पर्याय उचलला: अडीचशेचा दुहेरी स्पंज आणि साडेचारशेचा एअर पंप. आता श्रावण लागलाय, म्हणजे दहा महिने झाले. आम्ही वाघोलीला राहतो. कधी महापालिकेचं पाणी, कधी टँकरचं, आणि वीज तिच्या मर्जीने. हा अनुभव त्या हिशेबाने वाचावा.

आधी दिसण्याबद्दल. काळा, ओबडधोबड, बोळ्यासारखा. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, "हे भांडी घासायचं आत का टाकलंयस?" झाडं वाढून त्याला झाकेपर्यंत तीन महिने गेले. शिवाय नवा स्पंज पाण्यात टाकला की बुचासारखा वर येतो. पाण्याखाली धरून दहा-बारा वेळा पिळला, आतली हवा निघाली, की मग बसतो. डब्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

काम साधं आहे. पंपाची हवा नळीतून मधल्या पाइपात जाते, बुडबुडे वर चढताना पाणी सोबत नेतात, त्याच्या जागी नवं पाणी स्पंजातून ओढलं जातं. मी समजत होतो की हा गाळणीसारखा कचरा धरतो. धरतोही, पण खरं काम वेगळंच आहे, आणि ते कळेपर्यंत माझे पाच गप्पी गेले.

झालं असं, की टँक भरून तिसऱ्या दिवशी मासे सोडले. आठवड्याने पाणी दुधाळ झालं. दुकानदार काका म्हणाले, सगळं पाणी काढा, सगळं धुवा. मी इमानदारीत स्पंजसुद्धा नळाखाली खसाखसा धुतला. चार दिवसांत पाच मासे वर आले. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. स्पंजाच्या भोकाभोकांत जे जिवाणू वस्तीला येतात ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं त्यामानाने सौम्य; ते झाडं खातात आणि उरलेलं पाणी बदलताना जातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी जेमतेम बसू लागलेली वस्ती मी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकली होती.

आईला हे एका वाक्यात कळलं: "म्हणजे विरजणाचं भांडंच घासून ठेवलंस." अगदी तेच.

दुसऱ्यांदा मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकलं आणि थेंबांच्या किटने अमोनिया, नायट्राइट मोजत बसलो. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. किटचे पैसे फिल्टरपेक्षा जास्त गेले, पण पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी किट आधी घेईन. तेव्हापासून स्पंज महिन्यातून एकदाच, तोही टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळतो. दुहेरी असल्यामुळे एका महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरा. घाण इतकी निघते की ते पाणी सरळ तुळशीला.

टँकरच्या पाण्याचं मात्र फिल्टर काही करत नाही. टँकर बोअरचा, पाणी जड (म्हणजे क्षारांचं), पीएच आठच्या आसपास. पीएच 8 आणि तापमान 30 अंश असेल तर एकूण अमोनियातला सात-आठ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच 7 ला तोच भाग एक टक्क्याच्या आत. म्हणजे किटवर आकडा तोच, पण आमच्याकडे मार जास्त. हलक्या पाण्यात रमणाऱ्या निऑन टेट्रा माशांचा नाद मी त्यामुळेच सोडला. गप्पी आणि मोलीला जड पाणी मानवतं, झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातला, चिवट. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, आदल्या रात्री बादलीत काढून ठेवलेलं, वर क्लोरीन मारणारे थेंब.

आता मे महिन्यातल्या उन्हाळ्याबद्दल. पाणी 32 अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रात्री झाडंही तो वापरतात, त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडत होते. इथे या बोळ्याने लाज राखली, कारण बुडबुड्यांनी पाण्याचा वरचा थर सतत ढवळला जातो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला, दोन-तीन अंश उतरले. वीज गेली की पंप इन्व्हर्टरवर. पाच वॅटसुद्धा खात नाही.

विजेवरून आठवलं. पंप मी टँकच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. एका दुपारी वीज गेली, बुडबुडे थांबले आणि नळीतून पाणी उलटं पंपात आलं. कप्प्यातली लग्नाची अल्बमं भिजली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. वीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नळीत बसवा, किंवा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. मी आता दोन्ही करतो.

झाडांच्या बाबतीत समाधान अर्धंच. जावा फर्न आणि अनुबियास उत्तम आहेत (त्यांचा आडवा खोडभाग वाळूत पुरू नका, सडतो, दगडाला दोऱ्याने बांधा). व्हॅलिसनेरियाचं तर रान माजलंय. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळली, मी उपटणार होतो, पण मुळातून नवी फुटली. रोटाला नावाचं लाल झाड मात्र लाल राहिलंच नाही, हिरवट काडी झालं. बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं लावून बाग फुलवणाऱ्यांसाठी हा फिल्टर नाहीच. दिवा दहा तास ठेवला तेव्हा काचेवर शेवाळाचा गालिचा झाला. सात तासांवर आणल्यावर आटोक्यात आलं.

पाणी आरशासारखं होत नाही, बारीक कण तरंगत राहतात. आवाजही आहे. लाकडी टेबलावर पंप भुंग्यासारखा गुणगुणतो, खाली दुमडलेला पायपुसणा ठेवल्यावर सहन होतो. आठव्या महिन्यात हवा कमी झाली, आतला रबरी पडदा फाटला होता. सुटा मिळतो, चाळीस रुपयांत काम झालं. दुसरीकडे, गप्पीची पिल्लं यात ओढली जात नाहीत. उलट दिवसभर स्पंजाला चिकटून काहीबाही टिपत असतात. सुरुवातीचे सहा गप्पी आता तिसाच्या वर गेलेत, ही तक्रार धरायची की कौतुक, ठरत नाही.

पाचपैकी चार. एक गुण डब्यावर काहीच न लिहिल्याबद्दल कापला.

गणपतीनंतर भाचा टँक घेतोय. त्याच्यासाठी एक नवा स्पंज महिन्याभरापासून आमच्याच टँकमध्ये, जुन्याच्या शेजारी लावून ठेवलाय. न्यायचा तो ओलाच, टँकच्या पाण्याच्या पिशवीत. आई त्याला फोनवर सांगत होती, "डबा घेऊन ये रे, विरजण तयार आहे." सोबत दहा गप्पीही देणार आहे, तो नको म्हणाला तरी.