आकडेमोडीतल्या चुका ‘आर’ किती सांभाळतं? गोव्याच्या डेटावर पारख

‘आर’ या सांख्यिकी प्रोग्रामिंग भाषेची तयार फंक्शनं भक्कम आहेत. घोळ होतो तो सूत्र हाताने लिहिताना, आणि वॉर्निंग वेळेवर न दिसल्यामुळे.

विहिरींच्या पाणीपातळीवर द्विघाती ट्रेंड सरफेस, म्हणजे जागेच्या निर्देशांकांवरून पातळी सांगणारा वक्र पृष्ठभाग, बसवून बघा. गोवा यूटीएमच्या (मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशापद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतो, त्यामुळे पणजीचं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर, १७ लाख मीटरच्या वर जातं. त्याचा वर्ग झाला जवळपास तीन लाख कोटी, आणि त्याच एक्स मॅट्रिक्समध्ये शेजारी इंटरसेप्टचा (स्थिर पदाचा) १ उभा. आता पुस्तकी सूत्राने ट्रान्सपोज एक्स गुणिले एक्स करून ते समीकरणं सोडवणाऱ्या ‘सॉल्व्ह’ला दिलं, की ‘कंप्युटेशनली सिंग्युलर’ (विश्वासार्ह उत्तर काढता येत नाही) म्हणून ते थांबतं. थांबतं हे चांगलंच. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ‘आर’ दशांश संख्या साठवतं त्या रूपात, १५-१६ अंकच टिकतात, आणि या गुणाकाराने कंडिशन नंबरचा (छोट्या चुका किती फुगतील याच्या मापाचा) वर्ग होतो. ‘टोल’ (‘सॉल्व्ह’ची सहनमर्यादा) शून्य करून एरर गप्प करू नका. उत्तर येईल, पण ते कचरा असेल.

तोच डेटा ‘एलएम’ हे रिग्रेशनचं फंक्शन निमूट सोडवतं, कारण ते तो गुणाकार न करता थेट एक्सचं क्यूआर (दोन सोप्या मॅट्रिक्समध्ये विभाजन) करतं. त्यालाही मर्यादा आहे. त्याचा टॉलरन्स १०चा उणे ७वा घात, त्यामुळे एकट्या सत्तरी तालुक्यापुरता त्रिघाती सरफेस घेतलात तर एखादा कोएफिशंट एनए (उत्तर नाही) येऊ शकतो. आधी निर्देशांकांतून त्यांची सरासरी वजा करा, मग १०००ने भागून किलोमीटर करा. नाहीतर सरळ ‘पॉली’ वापरा, ते परस्परांशी असंबद्ध बहुपदी पदं बनवतं.

पावसाच्या लाइकलीहुडमध्येही (मॉडेलनुसार हा डेटा किती संभाव्य याच्या मापातही) हेच. रोजची संभाव्यता-घनता ०.०१च्या आसपास धरली तर जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांचा गुणाकार अजून तग धरतो, दोन पावसाळ्यांच्या २४४ दिवसांचा मात्र थेट शून्य होतो. त्याचा लॉग उणे अनंत, आणि सर्वोत्तम किंमत शोधणाऱ्या ‘ऑप्टिम’ फंक्शनला एल-बीएफजीएस-बी ही शोधपद्धत दिली असेल तर ते तिथेच अडतं. गॅमा वितरणाची घनता देणाऱ्या ‘डीगॅमा’ला ‘लॉग इज ट्रू’ द्या आणि गुणाकाराऐवजी लॉगची बेरीज घ्या.

माझी खरी तक्रार वॉर्निंगबद्दल आहे. मूळ सेटिंगमध्ये त्या शेवटपर्यंत साठवल्या जातात, त्याही पहिल्या ५०च. रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये कुठल्या फेरीत काय बिघडलं ते सापडत नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वॉर्न’ १ केलं की त्या जागच्या जागी छापल्या जातात. २ केलं की वॉर्निंगचीच एरर होते. कोड तपासताना २च ठेवा.

एरर-वॉर्निंग पकडणाऱ्या ‘ट्रायकॅच’ने वॉर्निंग पकडाल तर आतली गणना तिथेच सुटते आणि निकालही हातचा जातो. वॉर्निंग नोंदवून पुढे जायचं असेल तर ‘विथकॉलिंगहँडलर्स’ लावा, नोंद करून ‘मफलवॉर्निंग’ला बोलवा. हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही, आणि मग प्रबंधातल्या टेबलात गाळलेल्या फेऱ्या बिनबोभाट नाहीशा होतात.

दशांशांची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने करू नका: ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, याला ‘आर’ ‘फॉल्स’ म्हणतं. त्यासाठी किंचित फरक चालवून घेणारं ‘ऑल इक्वल’ आहे, पण ‘इफ’मध्ये ते ‘इजट्रू’त गुंडाळूनच घाला, फरक सापडला की ते ‘फॉल्स’ऐवजी मजकूर परत करतं.