‘ते आधीच जोडले गेले आहेत’ या एका वाक्यावर गेलेले २,३६,००० रुपये

मुंबईत साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. तिथे विजेच्या जोडणीची पितळी टर्मिनल तयार होतात आणि त्यांतला बराचसा माल लोहार चाळीच्या बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे जातो. गेल्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीचा प्रतिनिधी आला आणि कारखानदार, व्यापारी व भिवंडीतील गोदामे यांना जोडणारी सामायिक प्रणाली त्याने आम्हाला दाखवली. व्यापाऱ्याची ऑर्डर थेट आमच्या संगणकावर उमटणार होती आणि आमचा शिल्लक माल त्याला तिथेच दिसणार होता. दोन लाख रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे २,३६,००० रुपये आम्ही आगाऊ भरले.

पैसे भरण्यापूर्वी मी हिशेब केला होता, पण तो एखादे यंत्र विकत घेताना करावा तसा केला होता, ही माझी मुख्य चूक. यंत्र शेजारच्याने घेतले नाही तरी आपल्याकडे चालते. सामायिक प्रणाली मात्र समोरचा व्यापारी रोज वापरत असेल तरच उपयोगाची असते, आणि तो ती वापरतो की नाही हे विकणाऱ्याला नव्हे, तर त्या व्यापाऱ्यालाच विचारायला हवे होते. आमच्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांची नावे घेऊन ‘ते आधीच जोडले गेले आहेत’ असे प्रतिनिधीने सांगितले आणि वर्षानुवर्षांची ओळख असूनही मी त्यांच्यापैकी एकालाही फोन केला नाही.

चार महिन्यांत एकही ऑर्डर आली नाही, तेव्हा मी लोहार चाळीत गेलो. तिथले जुने व्यापारी म्हणाले, “तुम्ही पैसे भरलेत असं सांगितलं, म्हणून आम्ही भरले.” प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव सांगून सहा जणांकडून पैसे घेतले गेले होते. शिवाय एकाच टर्मिनलला आमचा कोड एक, व्यापाऱ्याचा दुसरा आणि गोदामाचा तिसरा. ते जुळवण्याचे खरे कष्टाचे व खर्चाचे काम कोण करणार, याचा करारात उल्लेखच नव्हता.

कराच्या रकमेचेही तेच झाले. विक्रेत्याने बिल जीएसटीच्या विवरणपत्रात दाखवलेच नव्हते, त्यामुळे ते आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, आले नाही आणि ३६,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळाले नाही. कोणताही जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की त्या व्यावसायिकाने विवरणपत्रे कधी भरली हे विनामूल्य दिसते. ते पाहायला पाच मिनिटेही लागली नसती. प्रणालीतून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, काढण्याचे वेगळे शुल्कही त्याने मागितले होते. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांना आहे, आमची उलाढाल त्याहून कमी आहे, आणि सरकारी पोर्टलवर त्या बिलाची नोंदणी विनामूल्य होते.

अशी प्रणाली घेऊ पाहणाऱ्यांनी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाशी स्वतः बोलावे, दोघांमध्ये खरी ऑर्डर गेल्यावरच मोठा हप्ता द्यावा आणि बाहेर पडताना आपली माहिती परत मिळेल व तिथून पुसली जाईल, हे लेखी घ्यावे.

आम्ही सहा जणांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. पैशांपेक्षा मला अधिक घोर आहे तो आम्ही त्या प्रणालीत भरलेल्या दरपत्रकांचा. कोणत्या व्यापाऱ्याला किती सूट, हे सगळे त्यात आहे, आणि ते आज कुणाच्या हाती आहे हे आम्हाला कुणीही सांगितलेले नाही.